टबाच्या क्षाराला लिंबूसत्व पुरतं, पण आधी लोहचुंबक लावून बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे: पुण्यात बावधनला रीसेलचा फ्लॅट घेतला. मोठ्या बाथरूममध्ये पांढरा टब आहे. आधीच्या मालकांनी पाच-सहा वर्षांत तो कधी नीट पुसलेला दिसत नाही. सोसायटीला बोअर आणि टँकरचं पाणी. पाणी जिथपर्यंत चढायचं तिथे सगळीकडून पांढरा खरखरीत पट्टा, नळाखाली तपकिरी ओघळ आणि तळाला धुरकट डाग. व्हिनेगर आणि खायचा सोडा एकत्र करून लावला, काही फरक नाही. कामाच्या मावशी म्हणतात ॲसिड आणा. प्लंबर म्हणतो टब उचकटून टाका आणि शॉवर बसवा. काय करू?

ताई, टब उचकटू नका आणि ॲसिडही आणू नका. मी बावीस वर्षं पुण्यात सॅनिटरी फिटिंगची कामं करतोय. त्यातली शेवटची बारा-तेरा वर्षं तर मुख्य धंदा जुन्या बाथरूम पुन्हा वापरण्याजोग्या करून देण्याचाच आहे. एवढ्या काळात पाण्याने कायमचे खराब झालेले टब हाताच्या बोटांवर मोजण्याइतके पाहिले. साफ करताना खराब झालेले मात्र विचारू नका. त्यातला एक मी स्वतः घालवला आहे, ते पुढे सांगतो.

तुमच्याकडे तीन वेगवेगळे डाग आहेत आणि तुम्ही त्यांना एकच समजताय. पांढरा पट्टा क्षाराचा. तपकिरी ओघळ लोखंडाचा. तळाचा धुरकटपणा साबणाचा असेल, नाहीतर आधी कुणीतरी ओतलेल्या ॲसिडने चमक गेलेली असेल. तिघांचा इलाज वेगळा आहे आणि कुठला आधी करायचा यालाही महत्त्व आहे.

पण सगळ्यात आधी टब कशाचा आहे ते बघा. फ्रिजवर चिकटवतो ते लोहचुंबक घ्या आणि टबाच्या कडेला लावा. चिकटलं तर आत लोखंड किंवा पत्रा आहे आणि वरचा पांढरा थर इनॅमलचा, म्हणजे भट्टीत भाजलेल्या काचेचा. नाही चिकटलं तर बहुधा ॲक्रिलिक किंवा फायबर. बोटाने टिचकी मारली की ॲक्रिलिकचा आवाज बोदा येतो आणि हात ठेवल्यावर ते फारसं गार लागत नाही. लोखंडी टब पहाटे अंगणातल्या बादलीसारखा गार लागतो. गेल्या वीस वर्षांत बांधलेल्या फ्लॅटमध्ये टब दिसला तर तो बहुतेक वेळा ॲक्रिलिकच असतो, त्यामुळे तुमचाही तोच असावा. तरी चुंबक लावाच.

आता मी केलेला घोळ. कामाला लागून दोन-तीन वर्षं झाली असतील. कॅम्पातल्या एका जुन्या बंगल्यात ओतीव लोखंडाचा टब होता, चार पायांवर उभा, चौघांना हलणार नाही असा. पट्टा तुमच्यासारखाच. संडासाचं भांडं ज्याने चकाचक होतं त्याने हेही होईल, असा सरळ हिशेब करून मी बाटली ओतली. टॉयलेट क्लीनरमध्ये साधारण 10 टक्के हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं, बाटलीवर ते छापलेलंही असतं. पट्टा पाच मिनिटांत गेला, मी खूश. टब वाळला तेव्हा जिथे जिथे ॲसिड पडलं होतं तिथे इनॅमल खडूसारखं निस्तेज झालेलं. वेस्ट कपलिंगच्या, म्हणजे तळाला पाणी जायच्या भोकाच्या, कडीचं क्रोम गेलं आणि आतलं पितळ उघडं पडलं. मालकीणबाई एक शब्द बोलल्या नाहीत, चहा दिला. ते जास्त लागलं. संडासाच्या भांड्याचा चिनीमातीवरचा झिलईचा थर ते सोसतो म्हणून टबही सोसेल असं नाही, हे त्या दिवशी कळलं.

क्षार येतो कुठून, ते दोन मिनिटं समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. बोअरचं पाणी खडकातून झिरपताना कॅल्शियम आणि मॅग्नेशियम बरोबर घेऊन येतं. पाण्यात ते विरघळलेल्या बायकार्बोनेटच्या रूपात असतं, म्हणून डोळ्यांना दिसत नाही. पाणी तापलं किंवा वाळलं की कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि मागे कॅल्शियम कार्बोनेट राहतं. म्हणजे चुनखडीच. जुन्या घरातल्या तांब्याच्या बंबाच्या आत जी पांढरी खपली धरायची आणि दिवाळीआधी ठोकून काढावी लागायची, तीच ही. तुमच्या गिझरच्या कॉइलवरही आत्ता ती असणार. खडकवासल्याचं धरणाचं पाणी मुख्यतः सह्याद्रीतल्या पावसाचं, त्यामुळे ते बरंच मऊ असतं. म्हणूनच पेठेत वाढलेल्या माणसाला बावधन-वाकडच्या टँकरच्या पाण्यात साबणाला फेस का येत नाही ते कळत नाही.

आकडा बघा. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, आयएस 10500, लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंतचा कठीणपणा, म्हणजे चुनखडीच्या हिशेबात मोजलेला हा विरघळलेला क्षार, स्वीकार्य मानतं आणि दुसरा स्रोत नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतं. समजा तुमचं 400 आहे. टब रिकामा केल्यावर भिंतींवर आणि तळाच्या खोलगट भागात पेलाभर, म्हणजे 200 मिलिलिटर पाणी मागे राहतं. ते वाळलं की 80 मिलिग्रॅम चुनखडी. रोज आंघोळ केली तर वर्षाला जवळजवळ 30 ग्रॅम. पाच-सहा वर्षांत वाटीभर होईल. पण हा सगळा माल टबात थांबून वाळलेल्या पेलाभर पाण्याचा आहे. जे पाणी नहाणी ट्रॅपमधून वाहून गेलं त्याने काहीच केलं नाही. पट्टा पाण्याच्या रेषेवर आणि नळाखालीच का जाड असतो, त्याचं उत्तर हेच: तिथे पाणी येतं, थांबतं, वाळतं आणि पुन्हा येतं.

आता तुमचा व्हिनेगर-सोड्याचा प्रयोग. व्हॉट्सॲपवर हा दर आठवड्याला कुणीतरी पाठवतंच. चुनखडी विरघळवणारं काम आम्लाचं, म्हणजे व्हिनेगरचं. सोडा आम्ल मारतो. दोघं एकत्र केले की ते एकमेकांशी भांडून संपतात, फेस भरपूर येतो आणि टबावर पडतं जवळजवळ मिठासारखं पाणी. फेस बघून बरं वाटतं एवढंच. नुसतं व्हिनेगर लावलं असतं तर निदान थोडं काम झालं असतं. तेही 5 टक्क्यांचं असतं, 30 ग्रॅम क्षाराला पाऊण लिटर लागेल, आणि घरभर आठवडाभर लोणच्याच्या बरणीचा वास.

मी वापरतो ते लिंबूसत्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड. किराणा दुकानात छोट्या पुड्या मिळतात. किलोने हवं असेल तर रविवार पेठेत, बोहरी आळीच्या आसपास केमिकलवाल्यांकडे. 1 ग्रॅम क्षाराला साधारण 1.4 ग्रॅम लिंबूसत्व लागतं, म्हणजे तुमच्या टबाला पाव किलो आणलंत तर उरेल. वास नाही, वाफा नाहीत. डोळ्यात गेलं तर मात्र चांगलंच झोंबतं, तेव्हा हातमोजे आणि साधा चष्मा घाला.

पण ते लावण्याआधी टब भांड्याच्या लिक्विडने आणि कोमट पाण्याने नीट घासून घ्या. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि मग म्हणतात लिंबूसत्वाने काही होत नाही. कठीण पाण्यात साबण घातला की त्याची न विरघळणारी चिकट साय बनते आणि ती क्षाराच्या थरात मिसळून बसते. वर अंगाचं तेल, दिवाळीचं उटणं, केसांचं कंडिशनर. या तेलकट पदराखाली आम्ल पोचतच नाही. तळाचा तुमचा धुरकटपणा यानेच निम्मा गेला तर मला आश्चर्य वाटणार नाही. घासायला पांढरा मऊ नायलॉन पॅड किंवा जुना पंचा घ्या. भांड्यांचा हिरवा स्क्रबर नको, त्यात घर्षणाची पूड असते आणि ॲक्रिलिकवर तिचे बारीक ओरखडे उठतात. पुढे त्याच ओरखड्यांत क्षार पक्का बसतो. तारेची घासणी, भांड्यांची पावडर, तांब्या-पितळेची पूड, यातलं काहीही टबाजवळ आणू नका. थिनर आणि नेलपॉलिश रिमूव्हर तर ॲक्रिलिक अक्षरशः विरघळवतात.

टब धुऊन पुसून कोरडा झाला की पट्ट्यावर एका कोपऱ्यात थोडं लिंबूसत्वाचं पाणी टाका. बारीक बुडबुडे आले तर क्षार आहे, निश्चिंत व्हा. अजिबात आले नाहीत तर काही वेळा तो सिलिकाचा थर असतो. आपल्या काळ्या खडकातल्या बोअरच्या पाण्यात थोडीफार सिलिका असते, ती काचेसारखी बसते आणि कुठल्याही घरगुती आम्लाला दाद देत नाही. शॉवरच्या काचेवर ती जास्त दिसते, टबावर कमी. ती काढतो असं सांगणारी काही द्रवं बाजारात येतात, त्यात फ्लोराइडची आम्लं असतात. ती कातडीतून आत हाडापर्यंत जातात. घरात आणायची वस्तू नाही ती.

बुडबुडे आले असं धरून पुढे जाऊ. एक लिटर कोमट पाण्यात 100 ग्रॅम लिंबूसत्व विरघळवा. उकळतं पाणी घेऊ नका. घाईत लोक घेतात, पण लिंबूसत्व आणि कॅल्शियम मिळून जे कॅल्शियम सायट्रेट बनतं ते गरम पाण्यात आणखी कमी विरघळतं आणि पांढऱ्या पुडीसारखं तिथेच बसतं. एक डाग काढून दुसरा लावल्यासारखं होतं. पट्टा उभ्या भिंतीवर आहे, पाणी तर खाली घसरणार. म्हणून टॉयलेट पेपरच्या पट्ट्या या पाण्यात भिजवून पट्ट्यावर चिकटवत जा, ताप आलेल्या माणसाच्या कपाळावर घडी ठेवतात तशा. वरून पोळ्या गुंडाळायचं पातळ प्लास्टिक लावलं की वाळत नाही. वीस मिनिटं थांबा. कागद काढा, पॅडने चोळा, भरपूर पाण्याने धुवा. ते पाणी टबावर वाळू द्यायचं नाही. मग दुसरी फेरी. पाच-सहा वर्षांचा पट्टा तीन-चार फेऱ्यांत जातो. रात्रभर लावून ठेवण्याचा मोह होईल, तो टाळा. एक म्हणजे थोड्या वेळाने आतलं आम्ल संपतं आणि नुसता ओला कागद उरतो. दुसरं म्हणजे वेस्ट कपलिंग आणि ओव्हरफ्लोच्या, म्हणजे जास्तीचं पाणी जायच्या वरच्या भोकाच्या, जाळीचं क्रोम रात्रभरात मंद होतं. त्या दोघांना आधीच व्हॅसलिन फासून ठेवा.

जिथे थर फारच जाड आहे, नळाखाली बहुधा असेल, तिथे दुसऱ्या फेरीनंतर जुन्या एटीएम कार्डाची कड धरून हलकेच ढकला. मऊ झालेली खपली अख्खी निघते. ब्लेड नको. खरं सांगतो, या कामातलं तेवढंच एक सुख आहे.

चुंबक चिकटलं असेल, म्हणजे टब इनॅमलचा असेल, तर वरचं सगळं अर्ध्या जोराने करा. एक लिटरला 50 ग्रॅम, पाच ते सात मिनिटं, आणि आधी कुठेतरी दडलेल्या कोपऱ्यात करून, धुऊन, वाळवून बघा. जुन्या इनॅमलपैकी काही आम्ल सोसणारे असतात, काही नसतात, आणि बघून ते सांगता येत नाही.

टबाभोवतीचा कट्टा कशाचा आहे ते तुम्ही लिहिलं नाही. तो संगमरवराचा असेल तर थांबा. संगमरवर म्हणजे स्वतः कॅल्शियम कार्बोनेटच. लिंबूसत्वाला डाग कुठला आणि दगड कुठला हे कळत नाही, ते दोन्ही खातं. शहाबादी फरशी, कोटा, कडप्पा हे सगळे चुनखडीचेच दगड, त्यांनाही हाच नियम. कट्ट्याच्या कडेला चिकटपट्टीने प्लास्टिक लावून झाका आणि हाताशी ओलं फडकं ठेवा. थेंब पडला की लगेच पुसा. ग्रॅनाइट बऱ्यापैकी सोसतं.

तपकिरी ओघळाला हात लावायची पाळी आत्ता येते. लोखंडाच्या डागाला ऑक्झॅलिक ॲसिड उत्तम लागू पडतं. फरशी पॉलिशवाले ते वापरतात, पांढऱ्या खड्यांसारखं मिळतं. पण क्षार न काढता ते लावलं तर ते कॅल्शियमला धरून कॅल्शियम ऑक्झॅलेट करतं, आणि ते घरगुती आम्लांनी सहज सुटत नाही. मुतखड्यात असतं तेच ते. म्हणून क्रम उलटा करायचा नाही. क्षार गेल्यावर, कट्टा झाकलेला असतानाच, अर्धा लिटर पाण्यात दोन चहाचे चमचे, कापडाने डागावर, दहा मिनिटं, आणि भरपूर पाणी. हे विषारी आहे. मोजे घालाच, लहान मुलं असतील तर उरलेलं घरात ठेवू नका. बऱ्याचदा मात्र लिंबूसत्वाच्या तीन फेऱ्यांतच ओघळ फिका पडतो आणि याची गरजच लागत नाही. आणि लोखंड येतंय कुठून तेही शोधा. बहुतेक वेळा टाकीपासून येणारा जुना जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप असतो, किंवा नळाच्या आतला एखादा गंजका निपल, म्हणजे जोडणीचा छोटा तुकडा. तो तसाच राहिला तर सहा महिन्यांत ओघळ परत.

एक गोष्ट जोर देऊन सांगायची आहे. या दिवसात टबात किंवा शेजारच्या संडासात ब्लीचिंग पावडर किंवा ब्लीच असलेलं क्लीनर वापरू नका, आणि मावशींनाही तसं बजावून ठेवा. ब्लीच आणि कुठलंही आम्ल एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो. छोट्या बंद बाथरूममध्ये तो दोन श्वासांत छाती धरतो. काल ब्लीच वापरलं असेल तर आज आधी बादल्यांनी पाणी ओतून धुवा. एक्झॉस्ट चालू, दार उघडं.

सगळं झाल्यावर शेवटी बादलीभर पाण्यात दोन चमचे खायचा सोडा घालून टब धुवा, म्हणजे कुठे आम्ल राहिलं असेल तर ते मरेल. सोड्याचं काम हे, आणि ते शेवटी. मग साध्या पाण्याने धुऊन फडक्याने कोरडा करा.

आता टब नीट बघता येईल. कुठे धुरकट पॅच उरला तर त्यावर ओलं बोट फिरवा. ओला असताना डाग नाहीसा होतो, वाळला की परत येतो आणि बोटाला खरखर लागत नाही, तर तो डाग नाही. तिथली चमक गेली आहे, कुणीतरी आधी ॲसिड ओतलंय. ॲक्रिलिक असेल तर दुरुस्त होतं: 1200 आणि मग 2000 नंबरचा पाण्याचा पॉलिश पेपर हलक्या हाताने, नंतर गाडीचा रबिंग कंपाउंड. तासाभराचं काम आहे, पण आधी एका वितीएवढ्या जागेवर हात बसवा. इनॅमलची गेलेली चमक मात्र घासून येत नाही. त्यावर नवा लेप देणारे कारागीर आहेत. लेप चांगला दिसतो, पण भट्टीतल्या इनॅमलइतका टिकत नाही, काही वर्षांनी पापुद्रे धरतो. कॅम्पातल्या त्या टबाला शेवटी मी पदरमोड करून तोच दिला होता.

परत होऊ नये म्हणून लोक मला सॉफ्टनरचं, म्हणजे पाणी मऊ करणाऱ्या यंत्राचं, विचारतात. मिठाने धुवायचा, रेझिनचा सॉफ्टनर खरंच काम करतो. पण एका टबासाठी तो घेणं म्हणजे मुंगीसाठी पालखी. सोसायटीने मिळून बसवला तर गिझर, वॉशिंग मशीन, सगळ्यांचाच फायदा. नळाला लावायच्या कापसाच्या जाळीच्या फिल्टरने गाळ थांबतो, क्षार नाही. पाइपला बाहेरून गुंडाळायच्या चुंबकाचा गुण मला एकाही घरात दिसलेला नाही. पाणी तपासायचंच असेल तर टीडीएस मीटरवर जाऊ नका. तो विरघळलेलं सगळंच मोजतो, साधं मीठसुद्धा. कठीणपणा मोजायचं थेंबांचं किट वेगळं मिळतं. गिझर 50-55 अंशांवर ठेवलात तर कॉइलवर थर बराच हळू चढेल.

टबाला लागतं ते फडकं. दाराजवळ खिळ्याला एक सुती फडकं किंवा काच पुसायचा रबरी वायपर टांगून ठेवा. आंघोळ झाल्यावर शेवटच्याने भिंती आणि तळ पुसायचा, मिनिटभराचं काम. वर काढलेला 80 मिलिग्रॅमचा हिशेब तिथेच संपतो. भिंतींना तीन महिन्यांतून एकदा गाडीचं वॅक्स लावलंत तर पाणी थेंबांनी खाली घरंगळतं. तळाला वॅक्स चुकूनही लावू नका, पाय घसरेल.

आणि हे सगळं सुरू करण्याआधी, त्याच प्लंबरला बोलावून नळाचं गळणं बंद करून घ्या. नळाखाली जाड थर आहे म्हणजे तो रात्रभर ठिबकत असणार. जुना नळ असेल तर वायसर, नव्या पद्धतीचा असेल तर आतलं कार्ट्रिज. टब काढायचा विषय त्याने पुन्हा काढला तर त्याला भिंत, वॉटरप्रूफिंग आणि नवीन टाइल्सचा खर्च लेखी मागा, आणि तोवर पाव किलो लिंबूसत्व घेऊन या.